कोरी सीडी घेताना पारखावे काय?

व्हीएचएस कॅसेटवरचे लग्न, टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केलेला आजोबांचा आवाज, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले बारसे या साऱ्यांनी २००० ते २०१० या दशकात मराठी घरांत एकच वाट धरली. गल्लीतल्या फोटो स्टुडिओत किंवा घरच्या संगणकावर ते सीडी-डीव्हीडीवर उतरवले गेले. मूळ कॅसेटला बुरशी लागली होती म्हणून ती टाकूनही देण्यात आली, कारण सीडी कायमची टिकते असा सार्वत्रिक समज होता. आज तीच तबकडी संगणकात घातली की ड्राइव्ह काही काळ घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो आणि आत काहीच नसल्याचे सांगतो. पृष्ठभागावर एकही ओरखडा नसतो. त्याच खणातली, त्याच वर्षी लिहिलेली दुसरी तबकडी मात्र विनातक्रार चालते.

हा नशिबाचा खेळ वाटत असला तरी बहुतेक वेळा तसा नसतो. कोणत्या कारखान्यात घडलेली तबकडी घेतली, ती कोणत्या वेगाने लिहिली आणि कुठे ठेवली, या तीन गोष्टींवर तिचे आयुष्य ठरते. त्यातली पहिली गोष्ट सर्वांत निर्णायक आणि नेमकी तीच ग्राहकाला दुकानात दिसत नाही. वेष्टनावर छापलेले नाव हे विकणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे असेलच असे नाही.

हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह स्वस्त झाल्यावर कोऱ्या तबकडीचा विचार कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तबकडीची एक जमेची बाजू अजून कायम आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरचा मजकूर व्हायरसला बदलता येत नाही आणि घरातल्या कोणाच्या हातून चुकून पुसलाही जात नाही. हार्ड डिस्क टेबलावरून पडली की सगळेच एकदम जाते. तबकडी पडली तर उचलून पुसून ठेवता येते. म्हणूनच कौटुंबिक छायाचित्रे, जुन्या ध्वनिफिती, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती यांची एक जादा प्रत तबकडीवर ठेवणारे लोक आजही आहेत. त्यांच्यापुढची अडचण अशी की, पंधरा वर्षांपूर्वीचा खरेदीचा सल्ला आता उपयोगाचा राहिलेला नाही.

रंगात दडलेले आयुष्य

बाजारातून आणलेली गाण्यांची सीडी आणि घरी लिहायची सीडी दिसायला सारखी असली तरी दोन्हींची जात वेगळी आहे. कंपनीच्या सीडीवरील खड्डे साच्यातून दाबून उठवलेले असतात. घरी लिहायच्या सीडी-आरमध्ये खड्डे नसतात. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, त्यावर धातूचा परावर्तक थर आणि सर्वांत वर लाखेसारखे संरक्षक लेपन. लिहिताना रायटरचा लेझर या रंगद्रव्याला ठिकठिकाणी भाजतो. ‘बर्न करणे’ हा शब्द त्यामुळे अगदी शब्दशः खरा आहे. भाजलेला भाग आणि न भाजलेला भाग प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात परत पाठवतात आणि त्या फरकातून माहिती वाचली जाते. कालांतराने रंगद्रव्य फिकटले किंवा धातू काळवंडला की हा फरक पुसट होतो. लग्न त्या तबकडीवर असतेच, पण वाचता येत नाही.

हे तंत्र १९८८ मध्ये जपानच्या ताइयो युडेन या कंपनीने साकारले. फिलिप्स आणि सोनी यांनी त्याचे तांत्रिक निकष ‘ऑरेंज बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात बांधून दिले. ताइयो युडेनने सायनिन हे रंगद्रव्य वापरले. त्यानंतर जपानच्याच मित्सुई कंपनीने थॅलोसायनिन, तर मित्सुबिशी केमिकलने अ‍ॅझो वर्गातील रंगद्रव्य पुढे आणले. व्हर्बेटिम हे नाव मित्सुबिशी केमिकलकडे १९९० मध्ये आले असल्याने अ‍ॅझो आणि व्हर्बेटिम ही जोडी पुढे ग्राहकांच्या चांगली परिचयाची झाली.

सीडी-आर उलटी करून उजेडात धरली की रंगद्रव्याचा अंदाज येतो. गडद निळी असेल तर अ‍ॅझो, निळसर हिरवी असेल तर सायनिन, जवळजवळ रंगहीन किंवा किंचित पिवळट हिरवी चंदेरी असेल तर थॅलोसायनिन. सोनेरी दिसत असेल तर परावर्तक थर सोन्याचा असण्याची शक्यता असते. सायनिन हे उन्हाला सर्वांत हळवे, तर थॅलोसायनिन प्रकाशाला सर्वांत चिवट मानले जाते. ही पारख फक्त सीडीपुरती चालते. डीव्हीडी-आर साऱ्याच जांभळट दिसतात आणि त्यांच्या रंगावरून फारसे काही कळत नाही. शिवाय सोनेरी दिसणारी प्रत्येक तबकडी सोन्याची नसते. वरच्या बाजूला नुसता सोनेरी रंग फासलेल्या तबकड्याही बाजारात आल्या होत्या.

धातूचे महत्त्व रंगद्रव्याइतकेच आहे. चांदी प्रकाश उत्तम परावर्तित करते, पण हवेतील गंधकाच्या संयुगांनी ती काळी पडते. देवघरातील चांदीच्या निरांजनाचे जे होते तेच इथेही होते. सोने काळे पडत नाही, मात्र ते महाग. त्यामुळे चांदीच्या मिश्रधातूचा वापर सर्वत्र रूढ झाला आणि सोन्याच्या तबकड्या अभिलेखागारांपुरत्या उरल्या.

कॅनडातील सरकारी संवर्धन संस्थेने (कॅनेडियन कन्झर्वेशन इन्स्टिट्यूट) विविध तबकड्यांच्या टिकाऊपणाचे अंदाज प्रसिद्ध केले आहेत. थॅलोसायनिन आणि सोने असलेली सीडी-आर १०० वर्षांहून अधिक, थॅलोसायनिन आणि चांदीची ५० ते १००, सायनिन किंवा अ‍ॅझो आणि चांदीची २० ते ५० वर्षे, असे ते अंदाज आहेत. डीव्हीडी+आरला २० ते ५० वर्षे दिली आहेत, तर चांदीच्या डीव्हीडी-आरला अवघी १० ते २० वर्षे. दुहेरी थराची, म्हणजे साडेआठ जीबीची डीव्हीडी+आर ५ ते १० वर्षांत धोक्यात येऊ शकते. घरगुती वापरासाठी यातून निघणारा अर्थ सोपा आहे. जपायचे साहित्य दुहेरी थराच्या तबकडीवर लिहू नये. एका तबकडीत न मावणारा मजकूर दोन साध्या तबकड्यांवर वाटावा. अर्थात हे सारे अंदाज तबकडी चांगल्या कारखान्याची आहे, ती नीट लिहिली गेली आहे आणि योग्य हवामानात ठेवली आहे असे गृहीत धरून केलेले आहेत. मुंबईतील चाळीस पावसाळे त्या हिशेबात धरलेले नाहीत.

नाव एकाचे, माल दुसऱ्याचा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस, कुठेही पन्नास तबकड्यांचा डबा मागितला की समोर अनेक नावे येत. ‘सगळ्या सारख्याच, स्वस्तातली घ्या’ हा सल्लाही ठरलेला. तो पूर्ण खोटा नव्हता. एचपी, मेमोरेक्स, इमेशन, फिलिप्स यांसारख्या अनेक नावांखाली विकल्या जाणाऱ्या कोऱ्या तबकड्या प्रत्यक्षात मोजक्याच कारखान्यांत तयार होत. तैवानमधील सीएमसी मॅग्नेटिक्स आणि रायटेक, जपानमधील ताइयो युडेन आणि भारतातील मोझर बेअर ही त्यांतली प्रमुख नावे.

मोझर बेअरची कथा भारतीय ग्राहकाने जाणून घेण्यासारखी आहे. नाव परदेशी वाटले तरी कंपनी दिल्लीची. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये ती स्थापन केली तेव्हा कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ नोंदवणारी यंत्रे हा तिचा व्यवसाय होता आणि स्वित्झर्लंडच्या ज्या कंपनीशी त्यासाठी सहकार्य होते तिचे नाव या कंपनीला मिळाले. १९८८ मध्ये ती फ्लॉपीकडे वळली, १९९९ मध्ये सीडी-आरकडे आणि काही वर्षांत जगातील सर्वांत मोठ्या तबकडी उत्पादकांमध्ये गणली जाऊ लागली. ग्रेटर नोएडातील तिच्या कारखान्यातून निघालेला माल परदेशी नावांच्या वेष्टनांत जगभर जात असे. व्हर्बेटिमच्या काही डीव्हीडीही मित्सुबिशीच्या तंत्राने तिच्याकडे बनत. त्यामुळे ‘परदेशी’ म्हणून चार पैसे जास्त देऊन घेतलेली तबकडी नोएडाहून निघालेली असणे अगदी शक्य होते. २००६-०७ च्या सुमारास चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात करून या कंपनीने चाचेगिरीच्या बाजाराला हादरा दिला. मराठी चित्रपटांच्या तिच्या तबकड्या अनेक घरांत आजही सापडतील.

पुढे इंटरनेट आणि पेनड्राइव्हने मागणी ओसरली, सौरऊर्जेतील गुंतवणूक आणि कर्ज डोईजड झाले आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. जपानमध्येही तेच घडत होते. ताइयो युडेनने २०१५ च्या अखेरीस तबकड्यांचा व्यवसाय बंद केला. मित्सुबिशी केमिकलने व्हर्बेटिमचा व्यवसाय सीएमसी मॅग्नेटिक्सला विकत असल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. पॅनासॉनिकने लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचे उत्पादन २०२३ मध्ये थांबवले, तर सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. जुन्या जाणकारांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेली बहुतेक नावे अशी एकेक करून गळाली. आज कोरी तबकडी घेताना वेष्टनावर काहीही छापलेले असले तरी ती तैवानच्या दोन मोठ्या कारखानदारांपैकी एकाकडून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

इथे एक वेगळाच धोका उद्भवतो. बंद पडलेल्या कंपन्यांचा शिल्लक माल अजून विकला जातो आणि ‘जुना ओरिजिनल’ म्हणून त्याचे कौतुकही होते. परंतु कोरी तबकडीही म्हातारी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने (निस्ट) २००३ मध्ये ग्रंथपाल आणि अभिलेखपालांसाठी तबकड्यांच्या देखभालीची मार्गदर्शिका काढली. तिच्यात न लिहिलेल्या तबकडीचे आयुष्य उत्पादकांच्या सावध अंदाजानुसार ५ ते १० वर्षे दिले आहे. लिहिलेल्या तबकडीपेक्षा हे कितीतरी कमी आहे, कारण रंगद्रव्य लेझरला योग्य प्रतिसाद देण्याच्या स्थितीत असावे लागते. २०१८ पूर्वीचा मोझर बेअरचा डबा किंवा २०१५ पूर्वीचा ताइयो युडेनचा डबा कितीही नामांकित असला तरी आता लग्नाच्या चित्रफितीसाठी त्यावर विसंबू नये. गाडीत ऐकायची गाणी त्यावर खुशाल लिहावीत.

तबकडीचे खरे कूळ

घडवणारा कोण, हे शोधण्याची सोय तबकडीतच असते. प्रत्येक कोऱ्या तबकडीच्या आतील कडेजवळ उत्पादकाचा संकेतांक आधीच नोंदवलेला असतो, जेणेकरून रायटरने लेझरची शक्ती त्या रंगद्रव्याला साजेशी ठेवावी. डीव्हीडीवर तो अक्षरांत असतो. ‘टीवायजी०३’ असेल तर ताइयो युडेनची सोळापट वेगाची डीव्हीडी-आर, ‘एमसीसी ००४’ असेल तर मित्सुबिशीच्या तंत्राची डीव्हीडी+आर, ‘एमबीआय’ने सुरू होत असेल तर मोझर बेअर, ‘सीएमसी मॅग’ आणि ‘रायटेक’ तर उघडच वाचता येतात. सीडी-आरचा प्रकार अधिक गमतीचा. तिथे संकेतांक वेळेच्या रूपात लपवलेला असतो. ९७ मिनिटे २४ सेकंद अशी नोंद दिसली तर ती तबकडी ताइयो युडेनची.

हा संकेतांक वाचण्यासाठी विंडोजवर चालणारी ‘इमगबर्न’ किंवा ‘डीव्हीडी आयडेंटिफायर’ ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. कोरी तबकडी ड्राइव्हमध्ये घालायची आणि माहितीच्या चौकटीत ‘डिस्क आयडी’ ही ओळ पाहायची. दुकानात हे करता येत नाही, म्हणून नव्या नावाची तबकडी प्रथम दहा नगांच्या छोट्या डब्यातच घ्यावी, संकेतांक नोंदवून ठेवावा आणि समाधान झाल्यावर मोठा डबा घ्यावा. मात्र दोन डब्यांवर एकच नाव असले तरी आतला माल दोन कारखान्यांचा असू शकतो. पहिल्या खरेदीचा अनुभव दुसऱ्या खरेदीला लागू पडेल असे गृहीत धरू नये. संकेतांकाचीही नक्कल होते हे ध्यानात ठेवलेले बरे. ताइयो युडेनचा दबदबा होता त्या काळात तिचा संकेतांक चोरून वापरणाऱ्या हलक्या तबकड्या बाजारात आल्या होत्या. संकेतांक चांगला, पण चकतीच्या कडा ओबडधोबड, रंगद्रव्याचा थर बाहेरच्या कडेपर्यंत न पोहोचलेला किंवा उजेडात धरल्यावर डागडाग दिसणारा, असे आढळले तर कागदोपत्री कुळावर विश्वास ठेवू नये.

व्हर्बेटिम घेणाऱ्यांनी एक बारकावा पाहावा. याच नावाने दोन प्रकारचा माल विकला गेला आहे. एकावर ‘अ‍ॅझो’ असा स्पष्ट उल्लेख असतो, तर ‘लाइफ सिरीज’ या स्वस्त मालिकेवर तो नसतो. दोहोंत निवड करायची तर अ‍ॅझो असलेलीच घ्यावी.

डीव्हीडीत उणे की अधिक हा वाद एकेकाळी फार रंगे. डीव्हीडी-आर १९९७ मध्ये पायोनिअरने आणली, डीव्हीडी+आर २००२ मध्ये प्रतिस्पर्धी गटाने. जुन्या प्लेअरला डीव्हीडी-आर अधिक मानवत असे. जपणुकीच्या दृष्टीने मात्र डीव्हीडी+आरचे पारडे जड आहे. तिच्यातील मार्गदर्शक खुणा लेझरला अधिक भरवशाने वाचता येतात आणि ‘मी बाजारातली छापील डीव्हीडी आहे’ असे प्लेअरला भासवणारी नोंद तिच्यावर करता येते. ती सोय डीव्हीडी-आरमध्ये नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकड्या तात्पुरत्या कामासाठीच ठेवाव्यात. त्या चुकून पुसल्या जाऊ शकतात, हेच कारण पुरेसे आहे.

ब्लू-रे रायटर घरी असेल तर २५ जीबीची बीडी-आर सोयीची पडते. यातही दोन जाती आहेत. मूळ जातीत लेखनाचा थर अजैविक पदार्थांचा असतो, त्याला ‘एचटीएल’ म्हणतात. २००८ च्या सुमारास आलेल्या ‘एलटीएच’ जातीत सीडीसारखेच सेंद्रिय रंगद्रव्य आहे. ती स्वस्त पडते, पण तिच्याविषयीचा अनुभव चांगला नाही. वेष्टनावर बारीक अक्षरांत एलटीएच लिहिलेले असेल तर डबा परत ठेवावा. एम-डिस्क नावाची तबकडी दगडासारख्या अजैविक थरावर माहिती कोरते आणि हजार वर्षांचा दावा करते. हजार वर्षांनी तक्रार कोणी करणार नाही हे खरे असले तरी तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्य नाही, ही गोष्ट आपल्या उष्ण-दमट हवेत निश्चितच मोलाची आहे. डीव्हीडी स्वरूपातील एम-डिस्क लिहिण्यासाठी तिला अनुरूप, अधिक शक्तीचा लेझर असलेला रायटर लागतो. वाचण्याचे काम साधा ड्राइव्हही करतो.

लिहिताना घाई नको

उत्तम तबकडी वाईट रीतीने लिहिली तर ती पहिल्या दिवसापासूनच आजारी असते. वेगाच्या बाबतीत दोन टोकाचे गैरसमज आहेत. वेष्टनावर ५२ पट लिहिले आहे म्हणून ५२ पटीनेच लिहावे हा एक आणि जितके सावकाश तितके चांगले हा दुसरा. अतिवेगात तबकडी थरथरते आणि बाहेरच्या कडेला लेखन बिघडते. उलट जलद लेखनासाठी बनवलेले रंगद्रव्य फार संथ लेझरखाली अपेक्षेपेक्षा जास्त भाजले जाऊ शकते. मधला वेग बरा. सोळापट डीव्हीडी आठपटीने आणि ५२ पट सीडी १६ ते २४ पटीने लिहिली तर सहसा चांगला परिणाम मिळतो.

डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असले तरी संगणकाच्या हिशेबात ती जागा सुमारे ४.३८ जीबी भरते. तीही काठोकाठ भरू नये. बोटांचे ठसे, वाकणे, रंगद्रव्याचा असमान थर या साऱ्यांचा पहिला फटका बाहेरच्या कडेला बसतो आणि लेखन आतून बाहेर जात असल्याने शेवटच्या फाइली तिथेच असतात. चार जीबीच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. लिहिण्याआधी संगणक यूपीएसवर असल्याची खात्री करावी. अर्ध्या लेखनात वीज गेली की तबकडी वाया गेलीच म्हणून समजा. ‘फायनलाइज’ आणि ‘व्हेरिफाय’ हे दोन पर्याय निवडलेले असावेत. पहिल्याने तबकडी इतर प्लेअरना वाचता येते, दुसऱ्याने लिहिलेला मजकूर मूळ फाइलशी ताडून पाहिला जातो. पाच-दहा मिनिटे वाचवण्यासाठी पडताळणी टाळणारे पुष्कळ असतात.

पडताळणी यशस्वी झाली म्हणजे तबकडी निरोगी, असेही नाही. सीडीच्या रचनेत चुका दुरुस्त करण्याची अंगभूत व्यवस्था आहे. वाचताना होणाऱ्या लहानसहान चुका ड्राइव्ह गुपचूप सुधारतो आणि वापरणाऱ्याला काही कळत नाही. तांत्रिक निकषानुसार सीडीवर पहिल्या पातळीच्या चुकांची सरासरी सेकंदाला २२० च्या आत असावी लागते आणि दुसऱ्या पातळीवर एकही असू नये अशी अपेक्षा असते. चांगल्या तबकडीवर हा आकडा या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. लाइटऑनसारख्या काही कंपन्यांचे ड्राइव्ह ‘नीरो सीडी-डीव्हीडी स्पीड’ किंवा ‘ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल’ या सॉफ्टवेअरमार्फत हा आलेख दाखवतात. सर्वच ड्राइव्ह तो दाखवत नाहीत. आलेख मिळत नसेल तर साधा उपाय असा की तबकडीवरचे सारे हार्ड डिस्कवर परत उतरवून पाहावे आणि कानाने ऐकावे. ड्राइव्हचा वेग अधूनमधून पडत असेल, एकाच जागी तो अडखळत असेल तर दुरुस्तीची व्यवस्था दमली आहे असे समजून त्याच दिवशी नवी प्रत काढावी. दर दिवाळीच्या साफसफाईत दोन-चार तबकड्यांची अशी तपासणी करणे अवघड नाही.

एखादी तबकडी वाचता येत नसल्यास ती लगेच टाकू नये. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये, शक्यतो जिथे ती लिहिली होती त्याच जुन्या ड्राइव्हमध्ये, घालून पाहावी. एकाला न दिसणारी तबकडी दुसऱ्याला दिसल्याचे अनुभव पुष्कळ आहेत.

पावसाळा आणि पोटमाळा

निस्टच्या मार्गदर्शिकेत तबकड्या ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात असे सांगितले आहे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत जुलै महिन्यात हवेतील आर्द्रता ऐंशीच्या वरच असते आणि विदर्भातील उन्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. ग्रंथालयाचे हवामान घरी आणता येत नाही, पण वाईटात वाईट जागा टाळता येते. पोटमाळा, दूरचित्रवाणी संचाची वरची बाजू, खिडकीजवळची मांडणी आणि मोटारीचा डॅशबोर्ड या त्या जागा. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, इतके केले तरी बराच फरक पडतो. पुड्या पावसाळ्याच्या तोंडाशी बदलाव्यात.

बुरशीची भीती अनाठायी नाही. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण-दमट देशातून आलेली एक सीडी बुरशीने आतून पोखरल्याचे स्पेनच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते. जिओट्रिकम जातीच्या त्या बुरशीने कडेतून शिरून प्लास्टिक आणि धातूचा थर खाल्ला होता. इतके टोकाचे उदाहरण विरळा असले तरी कडेकडून आत सरकणारे ढगाळ डाग आपल्याकडे नवे नाहीत.

तबकडी तिच्या स्वतंत्र कडक डबीत उभी ठेवावी. अल्बमसारख्या पाऊचमध्ये ती वाकते आणि मऊ प्लास्टिक दमट हवेत तिला चिकटते. पुसायची झाल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. गोलाकार ओरखडा माहितीच्या रेषेला समांतर पडतो आणि दुरुस्तीची व्यवस्था तिथेच हार खाते. सीडीची नाजूक बाजू कोणती, याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचे कवच असते. लेबलच्या बाजूला धातूच्या थरावर काही मायक्रॉन जाडीचे लेपन तेवढे असते. बॉलपेनने नाव लिहिताना त्यावर ओरखडा पडला तर तो थेट माहितीवर पडतो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण तिला कागदी लेबल चिकटवू नये. लेबलचा तोल जरा चुकला तरी डीव्हीडी वेगाने फिरताना डगमगते आणि उष्णतेने गोंद सुटला की लेबल ड्राइव्हमध्ये अडकते.

ज्याची दुसरी प्रत नाही असे साहित्य एकाच तबकडीवर ठेवू नये, मग ती कितीही कुलीन असो. दोन प्रती दोन वेगळ्या संकेतांकांच्या तबकड्यांवर लिहाव्यात, म्हणजे एका कारखान्याच्या एका खेपेतील दोष दोन्ही प्रतींना बाधणार नाही. त्यातली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. तिसरी प्रत हार्ड डिस्कवर असावी. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा ड्राइव्ह नसतो, त्यामुळे यूएसबीला जोडायचा एक बाहेरचा रायटरही चालू स्थितीत घरात असायला हवा.

नाव लिहिण्यासाठी पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर वापरावा आणि शक्यतो मध्यभागीच्या पारदर्शक कड्यावरच लिहावे. तिथे माहिती नसते. ‘शुभविवाह’ एवढे पुरत नाही. लिहिल्याची तारीख, संकेतांक आणि वेग हेही थोडक्यात नोंदवावे. जागा अपुरी पडली तर हा तपशील डबीतल्या चिठ्ठीवर लिहावा आणि शेवटची तपासणी कधी केली ते दरवर्षी त्याच चिठ्ठीवर पुढे लिहीत जावे.